नागपुरात प्रेसनोट लिहायला बसताना

नागपुरात जनसंपर्काचं काम करायचं म्हणजे एकाच कार्यक्रमाची बातमी मराठीत, हिंदीत आणि बहुधा इंग्रजीतही द्यायची. इंग्रजी ‘हितवाद’ १९११ पासूनचा, हिंदी ‘नवभारत’ १९३४ पासूनचा. मराठी दैनिकं तर आहेतच. त्यामुळे दिवसभर कानावर आणि पडद्यावर हिंदी असते, लिपीही तीच, आणि हिंदीच्या सवयी मराठी मजकुरात कधी शिरतात ते कळत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी तिथेच लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शहराच्या नावापासून सुरुवात करा. हिंदीत ‘नागपुर’, मराठीत ‘नागपूर’. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा, हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम. १९६२ साली असे १४ नियम ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ वाढले. हे १८ नियम टेबलावर छापून ठेवा, शांतपणे वाचायला एक दुपार पुरते. खरी मेख पुढे आहे: ‘नागपूरला’, ‘नागपूरकर’ दीर्घ, पण ‘नागपुरात’, ‘नागपुरातील’ ह्रस्व. सामान्यरूप झालं, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचं रूप बदललं, की उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातले) ई-ऊ ह्रस्व होतात: गरीब–गरिबांना, वकील–वकिलांनी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत: परीक्षा–परीक्षेला.

हिंदीत ‘के लिए’, ‘में’ सुटे असतात. मराठीत ‘रुग्णांसाठी’, ‘सभागृहामध्ये’ जोडूनच. नाव अवतरणचिन्हात असलं तरी प्रत्यय चिकटूनच येतो: ‘महामेट्रो’ने. मराठीत ‘की’ दीर्घ, आणि वाक्याच्या शेवटी दंड (।) नाही, टिंब. हिंदी मजकुरावरून मराठी करायला घेतली की एखादा दंड हमखास राहून जातो.

आता स्वल्पविराम. हे वाक्य बघा: ‘संस्थेचे अध्यक्ष माजी प्राचार्य व सचिव उपस्थित होते.’ व्यासपीठावर माणसं किती? अध्यक्ष हेच माजी प्राचार्य असतील तर दोन, नसतील तर तीन. ‘अध्यक्ष, माजी प्राचार्य व सचिव’ असं लिहिलं की तिघे झाले. दोघेच असतील तर ‘अध्यक्ष व माजी प्राचार्य असलेले’ अशी कसरत न करता अध्यक्षांचं नाव लिहा आणि माजी प्राचार्यपद पुढच्या वाक्यात सांगा. उपसंपादक कार्यक्रमाला आलेला नसतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू असताना तर त्याच्यापुढे प्रेसनोटांचा ढीग असतो. शंका आली की तो फोन करत बसत नाही, ते वाक्यच उडवतो. मग ज्यांचं नाव गळलं त्यांचा फोन आपल्याला येतो.

दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे वक्त्याचे नेमके शब्द. ते शब्द त्याने उच्चारलेले किंवा वाचून मान्य केलेले नसतील, तर चिन्ह काढा आणि ‘असे त्यांनी सांगितले’ लिहा. याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. ‘ते म्हणाले’ आणि ‘त्यांनी सांगितले’ यांची सरमिसळ होऊन ‘त्यांनी म्हणाले’ होतं, तेही तपासा. पाहुण्या सगळ्या स्त्रिया असतील तर ‘उपस्थित होत्या’, स्त्री-पुरुष दोन्ही असतील तर ‘होते’.

‘उद्घाटन करण्यात आले’ हे आपल्या क्षेत्राचं आवडतं वाक्य. कोणी केलं ते त्यात लपतं, आणि ज्याने केलं त्यालाच तर बातमीत यायचं असतं! ‘महापौरांनी उद्घाटन केले’ किंवा ‘महापौरांच्या हस्ते उद्घाटन झाले’ लिहा. उद्गारचिन्ह बातमीत नको. मी इथे बोलल्यासारखं लिहिते आहे, म्हणून ‘केलं’, ‘झालं’ चालून जातं. प्रेसनोटमध्ये ‘केले’, ‘झाले’च हवं.

टायपिंगचा एक मुद्दा राहिला. ‘अधिकाऱ्यांनी’ मध्ये ‘ऱ्या’ असतो, ‘प्राचार्यांनी’ मध्ये रफार. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना पहिल्याचं ‘अधिकार्यांनी’ होऊन बसतं आणि वाचताना डोळा ते सहज ओलांडून जातो. आपल्या बातम्यांत हे दोन्ही शब्द सारखे येतात, म्हणून मजकूर मेलमध्ये चिकटवल्यावर मी आधी ‘र्या’ शोधायला लावते आणि सापडेल ती प्रत्येक जागा वाचते.