टेरियर घरी आणताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

नागपुरात घरासाठी कुत्रा शोधणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "लॅब्राडोर लय मोठा होते भाऊ, त्यापेक्षा छोटा टेरियर घेऊन टाकू. फ्लॅटमध्ये मावते, खातेही कमी." माप, चेहरा आणि खाण्याचा खर्च, एवढ्यावर निवड होते. वर्ष-दीड वर्षात तोच कुत्रा "ऐकत नाही", "चावरा निघाला" म्हणून कुणाला तरी देऊन टाकायची बोलणी सुरू होतात. यात कुत्र्याचा काडीचा दोष नसतो. टेरियर हे पिढ्यान्‌पिढ्या एका कामासाठी घडवलेलं जनावर आहे, आणि ते काम कोणतं हे घरातल्या कुणी विचारलेलंच नसतं.

ते काम म्हणजे उंदीर, कोल्हा, बिज्जू यांना बिळातून हुसकणं किंवा तिथेच संपवणं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या शेतांवर हे कुत्रे त्यासाठीच पाळले गेले. जॅक रसेल ही जात ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन रसेल इंग्लंडमधल्या डेव्हनचे धर्मगुरू होते, शिकारीचे भारी शौकीन. 1819 मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली आणि पुढची पैदास तिच्यापासून उभी राहिली. जमिनीखाली, अंधारात, समोर दात विचकलेला प्राणी, आणि हुकूम द्यायला मालक जवळ नाही. अशा जागी स्वतः ठरवणारा, मागे न हटणारा, भुंकून आपली जागा कळवणारा कुत्राच कामाचा. तोच स्वभाव आज तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेला असतो.

पहिली चूक: सगळे टेरियर एकाच माळेचे मणी समजणं

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ टेरियरचे चार उपगट करतो: मोठे-मध्यम, छोटे, बुल प्रकारचे आणि टॉय. एअरडेल खांद्याशी 56 ते 61 सेंटिमीटर भरतो, तर यॉर्कशायरचं वजन 3.2 किलोपर्यंतच अपेक्षित असतं. या दोघांना एकाच तागडीत तोलून "टेरियर घ्यावा का?" असं विचारलं, तर उत्तर कुणालाच देता येणार नाही.

नागपुरात लोक ज्यांच्याबद्दल विचारतात त्यांच्याविषयी माझं मत सरळ सांगते. जॅक रसेल आणि गुळगुळीत केसांचा फॉक्स टेरियर हे पळणाऱ्या घराचे कुत्रे. आठ-दहा वर्षांची मुलं, थोडं अंगण, आणि सकाळ-संध्याकाळ दमवणारं एक तरी माणूस असेल तर यांच्यासारखी संगत नाही. नवरा-बायको दोघेही मिहानला नोकरीला आणि फ्लॅट दिवसभर बंद असेल, तर हे कुत्रे नकोत म्हणजे नकोत. यॉर्कशायर फ्लॅटमध्ये राहतो, पण रोज विंचरणं लागतं, पुढचे पाय काडीसारखे असल्याने सोफ्यावरून पडूनही मोडू शकतात, श्वासनलिका नाजूक असते म्हणून गळ्यात पट्टा न घालता छातीचा हार्नेस घालावा लागतो. 'टीकप यॉर्की' नावाची कोणतीही मान्य जात नाही. त्या नावाखाली विकलं जातं ते बहुतेक वेळा फार लवकर आईपासून तोडलेलं किंवा अशक्त पिल्लू असतं. वेस्ट हायलंड व्हाईट दिसायला लोभस, पण त्वचेच्या अॅलर्जीसाठी ही जात बदनाम आहे, आणि आपल्याकडच्या जुलै ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्या त्वचेचे हाल होतात. बुल टेरियर घरच्यांवर जीव टाकतो, पण अंगात भलती ताकद असते. पहिलाच कुत्रा पाळत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून पिल्लू घेताना पाठीमागून टाळी वाजवून, किल्ल्या खुळखुळवून पाहा, आणि शंका आली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी चूक: नागपूरचा मे महिना हिशेबात न धरणं

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच पिल्लू घेताना कुणाला आठवत नाही. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एरवीही मेअखेरच्या नवतपात पारा 45 च्या आसपास घुटमळतो. या जाती ज्या देशात घडल्या तिथे 30 अंशाला लोक हाय-हाय करतात.

माणसासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि तोंडातली ओल वाफ होऊन उडते आणि शरीर थंड होतं. आपला कूलरही याच तत्त्वावर चालतो, म्हणून मे महिन्यात तो खोली गार करतो आणि जूनअखेर उमस सुरू झाली की नुसता दमट वारा फेकतो. कुत्र्याचंही तेच होतं. त्यामुळे पावसाची एक सर पडून गेली की "आता थंड झालं" म्हणून त्याला दुपारी खेळवायला काढणं धोक्याचं. चपट्या नाकाचा बॉस्टन टेरियर तर अशा हवेत 32 अंशालाही दमतो. त्याची वायुवाट मुळातच आखूड आणि अरुंद. एसी नसलेल्या घरात तो आणूच नये.

टेरियरबाबत आणखी एक गोष्ट आहे. दमलेला लॅब बहुधा आडवा होतो. जॅक रसेल चेंडू फेकला की पुन्हा धावतो, जीभ लोंबत असली, डोळे लाल झाले तरी धावतो. तो थांबेल याची वाट पाहू नका, चेंडू तुम्हीच खिशात घाला. फिरवायचं ते सकाळी साडेसहाच्या आत, आणि रात्री उशिरा. आपले सिमेंटचे रस्ते सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ तापलेले असतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून मोजा. सात मोजेपर्यंत हात ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार.

कुत्रा धापा टाकतोय, लाळ गळतेय, चालताना लटपटतोय, हिरड्या लालभडक झाल्यात, तर ऊन लागलं समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि 41 च्या वर गेलं तर जिवावर बेततं. सावलीत न्या, पोट, मांड्या, पंजे पाण्याने भिजवा आणि पंखा लावा. इथे नागपूरची खास अडचण आहे: मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका देणारं येतं. ते ओतू नका. माठाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला तर आतली उष्णता कोंडते, म्हणून टॉवेल नको. आणि थोडं बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्यायचंच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा काही तासांनी दिसू लागते.

कूलरबद्दलही सांगायलाच हवं. हिवाळाभर बंद पडलेल्या कूलरमागे उंदीर, पाली, खारी घर करतात. टेरियरला तो वास आला की तो खसच्या ताट्या ओरबाडतो, आत तोंड घालतो, पंपाची वायर चावतो. कूलरचा शॉक हा आपल्याकडचा जुना धोका आहे. अर्थिंग तपासून घ्या, वायर पाइपातून न्या, आणि टाकीतलं पाणी त्याला प्यायला मिळणार नाही अशी आड घाला.

तिसरी चूक: छोटं मूल, म्हणून छोटा कुत्रा

त्रिमूर्तीनगरातल्या एका घरी पाहिलेला प्रसंग. चार वर्षांचा मुलगा जॅक रसेलच्या तोंडातला पोळीचा तुकडा ओढत होता. कुत्रा ताठ झाला होता, मान खाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, एकदा ओठ चाटून झाले होते. आजी कौतुकाने म्हणाल्या, "पाहा ना, कसा शांत आहे. काय करते तो एवढासा?" तो शांत नव्हता. चावण्याआधी कुत्रा जे जे सांगतो ते त्याने सगळं सांगून झालं होतं. मुलाला वेळेवर उचललं म्हणून निभावलं.

शेपूट ओढणं, अंगावर लोळणं, ताटलीत हात घालणं हे बरेच मोठे कुत्रे सहन करतात. टेरियरकडून ती अपेक्षा ठेवू नये. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर मी स्पष्ट सांगते, दोन-तीन वर्षं थांबा. कुत्रा आधीच घरात असेल तर मूल आणि तो एकटे एका खोलीत नकोत, खाताना त्याला वेगळी जागा द्या, आणि गुरगुरल्यावर मारू नका. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, राग तसाच राहतो, आणि मग न सांगता चावा बसतो. त्याच्या तोंडातली वस्तू हवी असेल तर उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन बदली करा. महिनाभर असं केलं की तुमचा हात जवळ येतोय म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार, हे त्याच्या डोक्यात बसतं.

चौथी चूक: काम न देता शिस्त लावायला जाणं

कुंड्या उकरतो, गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, चपला फाडतो, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. दिवसभरात त्याला काय काम असतं असं विचारलं की गप्प होतात. फिरवणं म्हणजे गेटपर्यंत जाऊन सू करून आणणं नव्हे.

उकरण्याची सवय मोडत नाही, जागा बदलता येते. अंगणात तीन-तीन फुटांचा रेतीचा खड्डा करा, त्यात त्याची खेळणी, खाऊ पुरून ठेवा, आणि कुंडीकडे वळला की तिथे न्या. फ्लॅटमध्ये जुन्या टबात चिंध्या भरून तेच करता येतं. जेवण ताटलीत न देता निम्मं घरभर लपवा. नाकाने शोधण्यात वीस मिनिटं गेली की तो जसा दमतो तसा तासभर चालूनही दमत नाही, आणि उन्हाळ्यात तर हाच व्यायाम घरात करवून घेता येतो. गॅलरीतलं भुंकणं बहुतांशी दिसण्यामुळे असतं. उन्हासाठी लावतो ती हिरवी जाळी खालून तीन फूट दुहेरी बांधली की सोसायटीतल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

साखळी मात्र सोडू नका. अंबाझरीला किंवा फुटाळ्याच्या बाजूला मोकळी जागा दिसली की लोक पट्टा काढतात. खार दिसली तर टेरियरला तुमची हाक ऐकू येत नाही, मग समोरून गाडी येवो की ट्रक. दहा मीटरची लांब दोरी बांधा.

घुशी मारतो म्हणून शेजारीपाजारी कौतुक करतील, पण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तेव्हा त्याची लस डॉक्टरांना आठवणीने विचारून घ्या. घरात किंवा सोसायटीत उंदराचं विष ठेवू देऊ नका. विषारी उंदीर खाऊन कुत्र्यालाही बाधा होते आणि रक्तस्रावाची लक्षणं दोन-चार दिवसांनी उमटतात. पावसाळ्यात बेसा, हिंगणा, मनीषनगरच्या नव्या वस्त्यांत साप निघतात, आणि टेरियर सापापासून पळत नाही, त्याच्यावर झेपावतो. तोंड किंवा पंजा अचानक सुजला तर आवळून बांधू नका, चिरू नका, त्याला चालवू नका, उचलून थेट दवाखाना गाठा. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय कुठे आहे, तुमच्या भागात रात्री कोण डॉक्टर मिळतात, हे पाऊस सुरू होण्याआधी पाहून ठेवा. आणि रविवारच्या सावजी मटणाची हाडं त्याला नकोत. शिजलेलं हाड तडकून आतड्यात रुततं, आणि रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी नासवतो.

पाचवी चूक: फोटो पाहून ऑर्डर देणं

श्वान प्रजननाच्या 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी दाखवायला सांगा. पिल्लाची आई तिथेच पाहा. आई दाखवायला टाळाटाळ झाली, "बसने पाठवतो" असं म्हटलं, की तिथून उठा.

पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर यांच्यासह 23 जातींवर बंदी आणायला सांगणारं परिपत्रक केंद्राने मार्च 2024 मध्ये राज्यांना धाडलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्याचं काहीही होवो, लहान मुलांच्या घरात ऐटीसाठी पिटबुल आणण्याला माझा विरोध आहे. आणि कुठलाही कुत्रा आणा, महापालिकेत त्याची नोंद करून घ्या.

पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचा, कुणी सोडून दिलेला टेरियर मिळत असेल तर आधी तो पाहा. त्याचा स्वभाव, भुंकणं, मुलांशी वागणं सगळं समोर दिसतं. आणि हे सगळं वाचून टेरियर झेपणार नाही असं वाटलं, तर गल्लीतल्या गावठी कुत्रीचं पिल्लू घ्या. आपल्या उन्हाला ते टेरियरपेक्षा कितीतरी सरावलेलं असतं.

पिल्लूच आणायचं ठरलं तर दिवाळीनंतर आणा, उन्हाळी सुट्टीत नको. सहा ते आठ आठवड्यांना सुरू होणारे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लसही त्यातच येते. नोव्हेंबरमध्ये आठ आठवड्यांचं आणलेलं पिल्लू जानेवारीअखेर लसी पूर्ण करतं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्ता, गाड्या, मुलं, इतर कुत्रे यांची ओळख आरामात होते, आणि एप्रिलचं ऊन लागायच्या आत त्याला पहाटे उठून फिरायची सवय लागलेली असते.