टेराफॉर्म की अ‍ॅन्सिबल? आधी प्रश्न तपासा

टेराफॉर्म कोड वाचून सर्व्हर आणि नेटवर्क उभं करतं; अ‍ॅन्सिबल एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) आत शिरून त्यावर सॉफ्टवेअर बसवतं. बऱ्याच टीम दोन्ही वापरतात. खरी तुलना टेराफॉर्म आणि ओपनटोफूची: २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातूनच ओपनटोफू फुटून निघालं. हा सगळा कोड स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचाय? गिटलॅबची (गिटहबसारखंच कोड साठवायचं साधन) मोफत आवृत्ती बघा. नाहीतर गिटहब असो वा गिटलॅब, टीमला सवय आहे तेच बरं.

मात्र स्टेट फाइल (टेराफॉर्मने काय काय उभं केलंय याची नोंद) रेपोत, म्हणजे कोडच्या गिट साठ्यात, कमिट करू नका. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड चक्क उघडा सापडू शकतो. (मी केलंय हे एकदा. फाइल डिलीट केली तरी गिटच्या हिस्टरीत ती राहतेच. शेवटी पासवर्डच बदलला.) स्टेट फाइल रिमोट बॅकएंडमध्ये (टीमच्या सामायिक, दूरच्या साठ्यात) ठेवा, लॉकिंग चालू करून, म्हणजे एका वेळी एकच जण ती बदलू शकेल.