आकाश शिकवायचं साहित्य गोळा करताना आधी अक्षांश बघा

खगोलशास्त्र शिकवायला साहित्य मिळत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. मिळतं, आणि इतकं मिळतं की निवडताना दमछाक होते. घाईत निवडलं की चूक कळते ती थेट अंधारात, मुलं समोर उभी असताना. माझं तसंच झालं, म्हणून हे लिहितेय.

वही, पेन्सिल, टॉर्च हे सांगत बसत नाही. दुर्बीण नसली तरी अडत नाही, सुरुवातीला डोळे पुरतात. काय शिकवायचं ते मात्र शोधायला बसण्याआधी ठरवा. चंद्राच्या कला, ऋतू की तारकासमूहांची ओळख? नुसतं ‘खगोलशास्त्र’ असं शोधलंत तर कृष्णविवरांची देखणी चित्रं हाती लागतील आणि कलांचा तास तसाच राहील.

आता मुख्य गोष्ट. जे काही साहित्य हातात घ्याल, ते कोणत्या अक्षांशासाठी केलंय ते बघा. आकाशनकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडा असतो. मी तो वाचला नव्हता. नकाशा सुबक होता, छपाई स्वच्छ होती, तेवढ्यावर मी तीस प्रती काढल्या. तो होता ४० अंश उत्तरेचा आणि आम्ही उभे होतो त्याच्या तब्बल २० अंश दक्षिणेला. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच त्या जागेचा अक्षांश. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश भरते. मुलांनी नकाशाप्रमाणे चार मुठी मोजल्या आणि तिथे काहीच नव्हतं. ध्रुव दोन मुठींवर होता.

तेवढ्यावर भागलं नाही. फेब्रुवारी होता, रात्रीचे नऊ वाजत आले होते. एका मुलीने दक्षिणेला व्याधाच्या बऱ्याच खाली बोट दाखवून विचारलं, “एवढा ठळक तारा नकाशात का नाही?” नकाशात नाही म्हणजे एखादा ग्रह असेल, असं सांगून मी मोकळी झाले. तो अगस्त्य होता. रात्रीच्या आकाशात व्याधानंतर सर्वांत तेजस्वी तारा हाच. साधारण ३७ अंशांच्या उत्तरेला तो क्षितिजावर येतच नाही, मग ४० अंशांच्या नकाशात कुठून असणार? तिचं निरीक्षण बरोबर होतं, माझा कागद चुकीचा होता, आणि मी कागदाची बाजू घेतली. ही गोष्ट मला अजून लागते.

नकाशापुरतंच बघून थांबू नका, मजकुरातही अक्षांश लपलेला असतो. ‘सप्तर्षी कधीच मावळत नाहीत’ हे उत्तरेला बरंच वर राहणाऱ्यांसाठी खरं. ‘दुपारी सूर्य नेहमी दक्षिणेकडे असतो’ हे कर्कवृत्ताच्या उत्तरेला खरं, पण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये तो वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. वाढत्या चंद्राची उजवी बाजू उजळते, हे उत्तर गोलार्धातलं चित्र. दक्षिणेत डावी उजळते आणि विषुववृत्ताजवळ कोर होडीसारखी आडवी दिसते. कातरून जोडायचं सूर्यघड्याळ घेतलंत तर त्याच्या तिरक्या पट्टीचा कोन तुमच्या अक्षांशाइतकाच हवा, नाहीतर वेळ चुकणारच. म्हणून पुन्हा सांगते: आधी अक्षांश, मग चित्राचं कौतुक.

यावर सोपा उपाय म्हणजे स्टेलॅरियम. हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर उघडून एफ ६ दाबा, जागा भरा, एफ ५ ने तारीख-वेळ लावा आणि छापील नकाशा त्याच्याशी ताडून बघा. दहा मिनिटं लागतात. जागा भरायला विसरलात तर हेही दुसऱ्याच गावाचं आकाश दाखवेल.

आकृत्यांकडे संशयानेच बघा. ऋतूंच्या आकृतीत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असेल तर ती बाजूला ठेवा. २० सेंटिमीटर रुंदीची कक्षा कागदावर काढली, तर तिच्या लांबी-रुंदीत जेमतेम ०.०३ मिलिमीटर फरक पडेल, केसाच्या जाडीहूनही कमी. लांबट आकृती बघून मुलं ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो’ हे मनात पक्कं करतात आणि मग ते निघता निघत नाही. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात हिवाळा असताना. ऋतू होतात ते आसाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे. चंद्राचंही तसंच. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये जवळजवळ तीस पृथ्व्या मावतात, पण आकृतीत ते शेजारी-शेजारी चिकटलेले असतात. मग कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मुलांना वाटलं, तर त्यांचा काय दोष?

वाचायला ओपनस्टॅक्सचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक फुकट मिळतं. इंग्रजीत आहे, पण सविस्तर आणि भरवशाचं. वर्गात करून बघायच्या कृती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ॲस्ट्रोएज्यु या संकेतस्थळावर मिळतील. तिथली प्रत्येक कृती एक शिक्षक आणि एक खगोलशास्त्रज्ञ तपासतात, म्हणून मी शोध तिथूनच सुरू करते. अर्थात अक्षांश तिथेही स्वतःच बघायचा. नासाचं रोज एक खगोलचित्र १९९५ पासून येतंय आणि खालचं स्पष्टीकरण नेमकं असतं. मात्र त्यातली बरीच चित्रं छायाचित्रकारांच्या मालकीची असतात, छापण्याआधी श्रेय आणि परवानगी बघा.

साहित्य कधीचं आहे? नऊ ग्रह लिहिले असतील तर ते २००६ च्या, म्हणजे प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळण्याच्या, आधीचं. शनीच्या चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये २७४ वर गेली, त्यामुळे जुने तक्ते भिंतीवर लावण्याआधी तपासा.

सूर्य बघण्याच्या कृतीत काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म किंवा सीडी सुचवली असेल तर ते साहित्य तिथेच बंद करा. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा घ्या किंवा सूचिछिद्रातून कागदावर प्रतिमा पाडा. चष्मा घालून दुर्बिणीतून तर कधीच बघू देऊ नका. दुर्बिणीच्या तोंडाला पुढून सौर फिल्टर लागतो. इथे तडजोड नाही.

बाकीचं भराभर. सगळं आधीच उतरवून घ्या, मैदानात नेटवर्क मिळेलच असं नाही. टॉर्चला लाल कागद लावा, अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि पांढऱ्या उजेडाने ते क्षणात वाया जातं. तारे दाखवायचे तर पौर्णिमा टाळा. आदल्या रात्री, त्याच वेळी, एकट्याने बाहेर उभं राहून नकाशा आकाशाशी जुळवा. आणि प्रती काढण्याआधी कोपऱ्यातला तो आकडा मोठ्याने वाचा.