"नको रं, तोंड आलंय": शाळेत व्यसनप्रतिबंधाचं काम करायला निघालेल्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, संपवून बीड जिल्ह्यातल्या शाळांत जायला लागले तेव्हा माझ्या पिशवीत एकच हत्यार होतं: तोंडाच्या कर्करोगाचे फोटो. आठवीच्या वर्गात पहिल्याच तासाला ते दाखवले. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "म्याडम, आमची आजी मशेरी लावती. ती बी मरंल का?" आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले, आणि घरी तिला ती आजीच. मी काहीतरी पुटपुटून तास आवरला.

नंतर वाचायला बसले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं प्रतिबंधाची मानकं 2013 मध्ये काढली, 2018 मध्ये सुधारली. भीती दाखवायची, एकदाच येऊन भाषण ठोकायचं, व्यसन सुटलेल्या माणसाला बोलावून त्याची कहाणी ऐकवायची, या सगळ्याचा उपयोग होत नाही, असं त्यांत म्हटलंय. अमेरिकेत 1983 पासून पोलीस वर्गात जाऊन शिकवायचे. 'डेअर' म्हणतात त्या कार्यक्रमाला. त्याच्या जुन्या रूपाची तपासणी झाली तेव्हा फारसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे मुख्याध्यापक अजूनही दारातच सांगतात, "म्याडम, जरा घाबरवा पोरांना." हो म्हणायचं आणि आपलं काम सुरू करायचं.

काम म्हणजे लागोपाठ बरेच तास, मुलांनाच बोलतं करणारे, आणि नकार द्यायचा सराव. इथे माझी दुसरी फजिती झाली. प्रशिक्षणात शिकवलं होतं, डोळ्यात बघून ठाम 'नाही' म्हणा. पारावर बसलेल्या चुलतभावानं तळहात पुढे केला की ठाम 'नाही' म्हणणारा पोरगा आगाऊ ठरतो. आपल्याकडे तंबाखू ही नशा नसून पाहुणचार आहे; दोन अनोळखी माणसं एसटीत चुन्याची डबी मागूनच बोलायला लागतात. म्हणून मी फळा मुलांच्या हाती दिला: तुम्हीच सांगा, काय बोललात तर समोरच्याला राग येणार नाही? "नको रं, तोंड आलंय." "आज शनिवार हाय." "आई वास घेती." सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या त्या "माळ घातलीया मी" ला. माळकऱ्याला गावात कुणी आग्रह करत नाही, हे त्या पोरांना कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं माहीत होतं. मग जोड्या करून सराव: एक आग्रह करणार, दुसरा टाळणार. आग्रह करणारा चांगला कसलेला निवडा, नाहीतर नाटक होतं.

आणखी एक तास मी कधीच सोडत नाही. बिननावाच्या दोन चिठ्ठ्या: वर्गातली किती जण तंबाखू खात असतील, आणि तू खातोस का. अंदाज निम्म्या वर्गाचा येतो. खाणारे मोजायला बहुतेक वेळा एका हाताची बोटं पुरतात. 'सगळेच खातात' हा समज मोडताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. अक्षर ओळखू येतं, म्हणून दुसऱ्या चिठ्ठीवर फक्त फुली मारायला सांगा, आणि चिठ्ठ्या शिक्षकांच्या हाती पडू देऊ नका.

कॅलेंडर नीट बघा. 31 मेचा तंबाखूविरोधी दिन उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो. 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि शाहू महाराजांची जयंतीही, म्हणजे प्रभातफेरी, घोषणा, फोटो. ते होऊ द्या. खरे तास जुलै ते सप्टेंबरमध्ये उरका; दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर काही मुलंही जातात आणि पटावरची हजेरी विरळ होते.

टपरीचं प्रकरण जपून हाताळा. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम 6 नुसार शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे साधारण 91 मीटरांत तंबाखू विकता येत नाही. 18 वर्षांखालच्याला तर कुठेच नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. हे सगळं मी तावातावानं सांगितलं, आणि मग कळलं की टपरी शाळा व्यवस्थापन समितीतल्याच एकाच्या भावाची. पुढचे दोन तास 'परीक्षा आहे' म्हणून रद्द. आता मी स्वतः तक्रार करत नाही. शाळेचं पत्र जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे जातं, दंड ते करतात.

तंबाखूवरच थांबू नका. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58 टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकच प्रकार. पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर. पण ज्या वर्गाला हे ठाऊक नाही तिथे त्यांची नावं घेऊ नका, आपणच ओळख करून दिल्यासारखं होतं. कुणी एकट्यानं येऊन सांगितलं तर लगेच मुख्याध्यापकांकडे धावू नका. शाळेनं दाखला हातात दिला की पोरगं आपल्या हातून गेलं. त्याला मदतीची वाट दाखवा: सरकारी रुग्णालयातलं किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक, तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356, इतर नशेसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस 14416. मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र गुप्तता बाजूला ठेवून चाइल्डलाइन 1098.

नोकरीचं थोडक्यात: तंबाखू नियंत्रण कक्षात समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्त्याची पदं असतात, बहुतेक कंत्राटी. संस्थांचे प्रकल्प येतात-जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक शाळेत एक शिक्षक तयार करा.

मी निवडलेले एक सर स्वतःच तंबाखू मळायचे. पोरांना ठाऊक होतंच. एकदा सवयीनं त्यांनी आठवीतल्या एकाला पैसे देऊन म्हटलं, "जा रे, पुडी आण." पोरगं उठलं, हात जोडून म्हणालं, "सर, माळ घातलीया मी." वर्ग फुटला. सरही हसले, पैसे परत खिशात घातले आणि म्हणाले, "बस खाली. जोड्या करा."