पहिला गर्डर चढण्याआधी

मऊ जमिनीवरच्या पुलाच्या पायावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं असेल, तर उपकरणांचा कॅटलॉग उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि प्रश्न लिहून काढा. हा खांब शेजारच्या खांबापेक्षा जास्त खचतोय का? पोचमार्गाच्या भरावाखालची चिकणमाती आडवी सरकून अ‍ॅबटमेंटच्या पाइल्सना (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीखाली जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांना) ढकलतेय का? नदी पायाभोवतीची माती ओढून नेतेय का? जिथे प्रश्न नाही तिथे सेन्सर नको. कुणी न वाचलेल्या पन्नास सेन्सरपेक्षा नीट वाचलेले बारा बरे, हे माझं ठाम मत.

मग बोअरचे (जमिनीत खोल भोक पाडून केलेल्या माती-तपासणीचे) अहवाल काढा आणि चिकणमातीचा थर किती जाड आहे, त्यातलं पाणी वर-खाली कुठे निसटू शकतं, ते पाहा. माती-अभियंता कार्ल टर्झागीने १९२५ साली मांडलेला हिशेब अजून कामाचा आहे: भार आला की आधी तो मातीतल्या पाण्यावर येतो, पाणी पिळून निघेल तसा मातीच्या कणांवर उतरतो, आणि थर दुप्पट जाड असेल तर त्याला चौपट वेळ लागतो. मोजणी किती वर्षं चालवायची हे म्हणूनच थर ठरवतो, कंत्राटाची मुदत नव्हे. पाणी निघून गेल्यावरही माती दबत राहते, पण पहिल्या ते दहाव्या वर्षात जेवढी दबेल साधारण तेवढीच दहाव्या ते शंभराव्या वर्षात. त्यामुळे वेळापत्रक सुरुवातीला दाट ठेवा, भाराच्या प्रत्येक टप्प्यानंतर वाचन घ्या, आणि पुढे अंतर वाढवत न्या. ठरावीक तारखांचं सरकारी वेळापत्रक इथे उपयोगाचं नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: बेंचमार्क. ज्याच्या आधाराने पुलाची उंची मोजायची तोच मऊ मातीवर असेल, तर सगळी वही रद्दी. बेंचमार्कची सळई खडकापर्यंत किंवा कडक थरापर्यंत उतरवा, आणि ती बाहेरच्या पाइपात मोकळी ठेवा, नाहीतर दबणारी माती तिलाही खाली ओढेल. भरावाच्या आणि पाण्याच्या उपशाच्या प्रभावाबाहेर असे निदान तीन बेंचमार्क हवेत. दोनच असले तर त्यांचं पटत नाही एवढंच कळतं. खोटं कोण बोलतोय ते कळत नाही. पूल दर महिन्याला थोडा थोडा वर येतोय असे आकडे दिसू लागले, तर बहुधा खाली जात असतो तो बेंचमार्क.

पुढचं काम घाईचं आहे, कारण काही गोष्टी नंतर बसवताच येत नाहीत. पाइलमधले स्ट्रेन गेज (पाइलवर येणारा ताण मोजणारी उपकरणं) काँक्रीट ओतण्याआधी सळयांच्या पिंजऱ्याला बांधायचे असतात, आणि त्यांच्या केबल काँक्रीट खाली सोडणाऱ्या ट्रेमी पाइपच्या वाटेत येणार नाहीत हे कुणीतरी उभं राहून पाहायचं असतं. हे गेज कशासाठी, तर पाइलभोवतीची माती पाइलपेक्षा जास्त खचली की ती पाइलला सावरायचं सोडून उलट त्याच्यावर लटकते. त्यासाठी माती आणि पाइल यांच्यात काही मिलिमीटरचा फरकसुद्धा पुरतो. भरावाखालचे पायझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे) भरावाची पहिली टोपली पडण्याआधी जागेवर हवेत. शून्य वाचन, म्हणजे भार येण्याआधीचं वाचन, एकदा हुकलं की ते परत मिळत नाही. एकच वाचन घेऊन थांबू नका, आकडा स्थिर दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्या.

जमीन आडवी किती सरकली ते मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरचं केसिंग (जमिनीत पुरलेली नळी) मऊ थर संपल्यावर काही मीटर कडक थरात गेलंच पाहिजे. त्याचं तळच हललं तर वरचे सगळे आकडे निराधार. वाचन घेताना नळीत उतरवायचा मोजणीचा प्रोब एकदा सरळ, एकदा १८० अंशांत फिरवून सोडा. दोन्ही वाचनांची बेरीज खोलीगणिक जवळजवळ सारखी आली नाही, तर जागेवरच पुन्हा घ्या. ऑफिसात येऊन दुरुस्ती होत नाही.

तापमानाची नोंद प्रत्येक वाचनासोबत हवी. ४० मीटरचा पोलादी गर्डर २५ अंशांच्या फरकाने साधारण १२ मिलिमीटर लांबतो, आणि बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर) ते पाय सरकल्यासारखं दिसतं. पहाटे, ऊन चढण्याआधी मोजा. ऋतूचा खेळ ओळखायला एक पूर्ण वर्ष लागतंच.

डिझायनरकडून अपेक्षित खचण्याचा आलेख आधीच लेखी घ्या. हालचाल दिसली म्हणजे बिघाड, असं नसतं. ग्रीसमध्ये २००४ साली खुल्या झालेल्या रिओन-अँटिरिओन पुलाच्या चारपैकी तीन खांबांचे पाये पोलादी नळ्यांनी बळकट केलेल्या समुद्रतळावर, मध्ये खडीचा थर घालून, न जखडता ठेवलेले आहेत. मोठ्या भूकंपात ते सरकावेत हीच योजना. तुमच्या पुलात किती चालेल ते आकड्यात ठरवा. सलग गर्डर असेल तर दोन खांबांतला फरक जास्त जाचतो, सुटे गाळे (दोन खांबांमधले स्वतंत्र भाग) तो बरेच सहन करतात. इशाऱ्याच्या प्रत्येक पातळीपुढे कोण, किती तासांत, काय करणार तेही लिहा.

उरलेलं पटापट: लॉगरची (वाचनं आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राची) पेटी पुराच्या पातळीच्या वर, विजेपासून संरक्षण, सुटी बॅटरी. पुरानंतर पायाजवळच्या तळाची खोली मोजायची नोंद. कॅलिब्रेशनचे (उपकरणाच्या अचूकतेच्या तपासणीचे) कागद छापील आणि साध्या मजकूर फाइलीत, कारण आजचं सॉफ्टवेअर वीस वर्षांनी उघडेलच असं नाही. प्रत्येक मोजणी-बिंदूचा फोटो आणि त्यावर रंगवलेला क्रमांक. आणि केसिंगच्या झाकणाच्या कुलपाच्या दोन किल्ल्या, वेगवेगळ्या माणसांकडे.