कारखान्याची फिल्म: कॅमेरा गेटातून आत येण्याआधी काय काय ठरवावे

चाकण, भोसरी किंवा रांजणगावातल्या मध्यम आकाराच्या कारखान्याची तीन मिनिटांची ओळख-फिल्म करायची, तर शूटिंग बहुधा एका दिवसात उरकते. त्याआधीच्या कामाला मात्र तीन आठवडे हाताशी ठेवा. शूटिंगच्या दिवशी मशीन उत्पादनातून बाहेर काढलेले असते, कॅमेरा-लाइटचे भाडे चालू असते, एमडींनी मोजून एक तास दिलेला असतो. अशा वेळी ‘आता काय घ्यायचं?’ हा प्रश्न पडला, तर दिवस हातातून गेलाच म्हणून समजा. पुढची पद्धत दीडशे माणसांचा, सुट्या भागांचे मशीनिंग करणारा कारखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

आधी एक ओळ लिहा

‘फिल्म पाहून कोणी काय करावे?’ याचे उत्तर एका ओळीत लिहा. उदाहरणार्थ: ‘नव्या ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने कारखाना पाहायला येण्याची तारीख मागावी.’ ‘ग्राहक, बँक, नवे कर्मचारी, सगळ्यांसाठी’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबा. खरेदी अधिकाऱ्याला तुमची तपासणी-खोली आणि मशीनची क्षमता बघायची असते. डिप्लोमा करून नोकरी शोधणाऱ्या मुलाला शिकायला काय मिळेल, कॅन्टीन कसे आहे, बस कुठून सुटते हे हवे असते. दोघांना एकाच फिल्ममध्ये कोंबले, की दोघेही ती अर्ध्यावर सोडतात. पैसे दोन फिल्मचे नसतील, तर एकच करा, पण एकासाठी करा.

फिल्म कुठे दाखवणार, हेही याच कागदावर लिहा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर गोंगाटात आवाज ऐकूच येत नाही, म्हणजे मजकूर पडद्यावर लागणार. मोबाइलसाठी उभी आवृत्ती हवी असेल, तर ती शूटिंगआधीच ठरली पाहिजे. लेथच्या लांब बेडचा आडवा शॉट नंतर उभ्या चौकटीत कापला, तर चकही (भाग पकडून फिरवणारा जबडा) जातो आणि ऑपरेटरही. आणि अंतिम मंजुरी देणारी व्यक्ती एकच असावी. तिचे नाव कागदावर घ्या, सही घ्या. मार्केटिंग, एचआर आणि प्लांट हेड तिघेही स्वतंत्रपणे बदल सुचवू लागले, की संहिता पुढे सरकत नाही.

संहिता: शब्द मोजून

मराठी निवेदन सावकाश, समजेल असे वाचले, तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. तीन मिनिटांसाठी ३५० शब्द लिहिले, तर फिल्मला श्वास घ्यायला जागाच उरणार नाही. मुलाखतीला एक मिनिट, मशीनच्या आवाजाला आणि संगीताला अर्धे मिनिट द्या. निवेदनाला दीड मिनिट उरते, म्हणजे १७० शब्दांच्या आसपास.

कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज. नमुना असा:

डावीकडे: एअर गेजवर (हवेच्या दाबाने मोजणाऱ्या उपकरणावर) बोअर (भागातले गोल छिद्र) तपासणारे हात. गेजच्या आकड्याचा क्लोजअप. ऑपरेटर तक्त्यावर नोंद करतो.
उजवीकडे: ‘प्रत्येक बोअर इथे मोजला जातो.’ त्यानंतर दोन सेकंद फक्त गेजचा फुस्स आवाज.

डाव्या रकान्यात ‘कारखान्याचे विविध शॉट्स’ असे लिहिलेले असेल, तर तिथे अजून काहीच ठरलेले नाही. उजवा रकाना झाकून नुसता डावा वाचा. गोष्ट कळली नाही, तर पुन्हा लिहा.

‘लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे’ ही सुरुवात सरळ काढून टाका. ती हजार कंपन्यांना लागू पडते, म्हणून तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘जागतिक दर्जा’च्या जागी आकडा ठेवा: टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती मायक्रॉन, एका पाळीत किती नग. असा प्रत्येक आकडा क्वालिटी विभागाकडून लेखी तपासून घ्या. दरवर्षी बदलणारे आकडे, म्हणजे उलाढाल आणि कर्मचारीसंख्या, निवेदनात बोलू नका; पडद्यावरच्या मजकुरात ठेवा. पुढच्या वर्षी मजकूर तासाभरात बदलता येतो, आवाजासाठी मात्र त्याच निवेदकाला पुन्हा स्टुडिओत बोलवावे लागते.

रेकी: ज्या वेळी शूटिंग, त्याच वेळी

सगळ्यात जास्त नुकसान इथल्या हलगर्जीपणाने होते, म्हणून रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहून ठेवायला, अर्धा दिवस द्या. कॅमेरामन, दिग्दर्शक आणि प्लांटमधला एक जाणकार माणूस, तिघांनी मिळून फिरावे. सकाळी दहाचे शूटिंग असेल, तर रेकीही दहालाच करा. शेडच्या छतात पारदर्शक पत्रे असतात. त्यांतून पडणारे उन्हाचे पट्टे तासातासाला सरकतात आणि ऑपरेटरचा अर्धा चेहरा पांढराफटक होतो.

दिव्यांची चाचणी जागेवरच घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवले, की बहुतेक ठिकाणी लुकलुक जाते. स्लो मोशनसाठी ५० किंवा १०० फ्रेम आणि शटर १/१०० धरा. सवयीने १२० फ्रेम लावल्या, की पडद्यावर पट्टे पळू लागतात. काही एलईडी हाय-बे (उंच छताला टांगलेले) दिवे एवढे करूनही दगा देतात, म्हणून प्रत्येक शेडमध्ये दहा सेकंदांचा तुकडा घेऊन मोठ्या पडद्यावर बघा.

मग मशीन. सीएनसी किंवा व्हीएमसीचे (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या मशीनचे) दार चालू सायकलमध्ये बंद असते आणि काचेवर कूलंटचा (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) दुधाळ फवारा उडत असतो. कॅमेऱ्याला दिसतो फक्त पांढरा धुरळा. शॉटसाठी दाराचा सेफ्टी इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करायला कोणी सुचवले, तर तिथेच नाही म्हणा. याला दोन सरळ उपाय आहेत. एक, सेटरशी (मशीन लावून देणाऱ्या कारागिराशी) आधी बोलून एखाद्या रद्द जॉबवर (नाकारलेल्या भागावर) कूलंट बंद ठेवून, त्याला सुरक्षित वाटेल तेवढाच हलका कट घ्यायचा. यासाठी मशीन किती वेळ मोकळे लागेल, हे प्लॅनिंग विभागाला आठवडाभर आधी कळवा. दोन, वॉटरप्रूफ आवरणातला छोटा ॲक्शन कॅमेरा आत पक्का बसवून दार लावायचे. लेझर कटिंग किंवा लेझर मार्किंगच्या जागी परावर्तित किरणाने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. तिथे मशीनच्या संरक्षक काचेबाहेरूनच शूट करा.

भिंतीही वाचा. रिजेक्शनचा फलक, उत्पादनाचा रोजचा तक्ता, ग्राहकाचे ड्रॉइंग, त्याचे नाव छापलेली क्रेट: यातले काय दिसले तर चालेल, हे मार्केटिंगने सांगून भागत नाही. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल, तर त्याचा भाग दाखवायला त्याची लेखी परवानगी लागते. पूर्ण झालेली फिल्म अशा एका शॉटमुळे परत एडिटिंगला जाते, आणि तो शॉट नेमका सगळ्यात देखणा असतो.

तारीख कशी काढावी

पुणे पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुंबईहून येणाऱ्या शूटिंगच्या युनिटला हे माहीत नसते. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा कोणी मशीन मोकळे देणार नाही. पावसाळ्यात बाहेरचे शॉट आणि ड्रोन दोन्ही अडतात. आमच्या मते सर्वांत चांगला काळ दसऱ्यानंतरचा पहिला आठवडा. खंडेनवमीसाठी मशीन धुऊन-पुसून, रंग देऊन झालेली असतात, फरशीवरच्या पिवळ्या रेषा नव्या असतात. झेंडूच्या माळा मात्र उतरवून घ्या, नाहीतर फिल्म वर्षभर दसऱ्याचीच वाटेल.

शॉट लिस्ट आणि दिवसाचे गणित

तीन मिनिटांत, सरासरी चार सेकंदांचा शॉट धरला, तर ४५ शॉट लागतात. एडिटरला निवड हवी, म्हणून ६५ ते ७० लिहा आणि संहितेतल्या क्रमाने न लावता जागेप्रमाणे लावा: प्रेस शॉपमधले सगळे एकत्र, तपासणी-खोलीतले सगळे एकत्र. एकदा लाइट लावून तीन-चार शॉट निघतात. लाइट हलवायला वीस ते तीस मिनिटे जातात. मुलाखतीच्या मांडणीला पाऊण तास. म्हणजे एका दिवसात दोन मुलाखती आणि लाइटच्या पंधरा मांडण्या. त्यापलीकडे दुसरा दिवस धरा. चहाची आणि जेवणाची सुट्टी, पाळी बदलण्याची वेळ तक्त्यात आधी भरा, कारण त्या वेळी शेड रिकामी असते.

मुलाखत कॉम्प्रेसरपासून लांबच्या खोलीत घ्या आणि एसी बंद करता येतो का, ते बघा. एमडींना भाषण पाठ करायला लावू नका. पाच प्रश्न दोन दिवस आधी पाठवा. मराठीत विचार करणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर इंग्रजी बोलायला लावले, की त्याचे निम्मे ज्ञान गळून जाते. मराठीत बोलू द्या, खाली इंग्रजी सबटायटल द्या. बारीक चौकटीचा किंवा रेघांचा शर्ट नको. पडद्यावर तो वळवळतो.

परवानग्या आणि करार

चेहरा दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, कंत्राटी कामगारांचीही. अर्ज त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवा.

ड्रोनसाठी ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा, तर ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र पाहिजे. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या आत मर्यादा लागतात, आणि पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचाही तळ आहे. तुमचा प्लॉट कुठल्या रंगाच्या पट्ट्यात येतो, हे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर संहिता लिहितानाच बघा.

गाजलेले गाणे पार्श्वभूमीला लावायचे नाही. संगीताचा परवाना कंपनीच्या नावाने घ्या. करारात दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन पुरतात), १८ टक्के जीएसटी धरून रक्कम किती आणि मूळ फुटेज कोणाकडे राहणार, हे लिहा. मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्याने करवून घेणाऱ्याकडे जातो. पण हार्ड डिस्क कोणाच्या कपाटात राहील, हे करारातच ठरवावे लागते.

आदल्या दिवशी

युनिटमधल्या सर्वांची नावे, गाडीचे नंबर आणि कॅमेरा-लेन्सचे सिरीयल नंबर सिक्युरिटीला द्या आणि रिटर्नेबल गेटपास (आत आणलेले सामान परत नेण्याचा पास) तयार ठेवा. नाहीतर सकाळचा तास गेटवर आणि संध्याकाळचा तासही गेटवरच जातो. युनिटला सेफ्टी शूज लागतील. सुरक्षा-माहितीचा अर्धा तास वेळापत्रकात धरा. कामगारांचे हेल्मेट, गॉगल, हातमोजे सेफ्टी ऑफिसरने शॉटआधी तपासावेत, कारण गॉगलशिवायचा ग्राइंडिंगचा शॉट कितीही सुंदर असला, तरी वापरता येत नाही. जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या कॅमेऱ्याच्या दिव्यात भगभगतात. दिवा बाजूने लावा.

१०० मेगाबिट वेगाने तासाभराच्या रेकॉर्डिंगला ४५ जीबी लागतात. चार तासांचे १८० जीबी, आणि ते दोन वेगळ्या डिस्कवर. दुसरी प्रत गेटाबाहेर पडण्याआधी झाली पाहिजे, कार्ड त्यानंतरच पुसायचे.