रेकॉर्डर कॉम्प्युटरला सापडत नसेल तर आधी हे बघा

कोल्हापुरात फार्मसी, फिजिऑलॉजी, झूलॉजीच्या लॅबमध्ये हे हमखास होतं बघा, ईसीजीसारखे सिग्नल कॉम्प्युटरवर नोंदवणाऱ्या रेकॉर्डरचा दिवा लागलाय, पोरं ईसीजीच्या प्रॅक्टिकलला तयार बसलीत आणि स्क्रीनवर डिव्हाइस नॉट फाउंड. मग कुणीतरी लगेच सॉफ्टवेअर काढून परत टाकायला घेतं. तसं करू नका, त्यात प्रॅक्टिकलचा वेळ जातो आणि दोष बऱ्याचदा तिथं नसतोच.

विद्यार्थ्याच्या अंगावर इलेक्ट्रोड असतील तर ते आधी काढा, मगच वायरींना हात लावायचा, यात घाई नको.

आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा, तो समोर ठेवूनच यूएसबी केबल काढा, परत लावा आणि यादी हलतीय का बघा. माझ्या मते अर्धं निदान इथंच होतं. यादी जरापण हलली नाही तर केबल, पोर्ट नाहीतर पॉवर. पिवळा त्रिकोण आला तर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते मशीन चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, तो कंपनीच्या साइटवरनं तुमच्या विंडोजचाच घ्या. नाव नीट आलं आणि तरी सॉफ्टवेअरला दिसत नाही तर मग सॉफ्टवेअरची सेटिंग.

केबलवर जरा वेळ घालवा कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच असतो. यूएसबी 2 ची केबल 5 मीटरच्या पुढं चालवायची नसते, आणि आपल्याकडं टेबल लांब म्हणून एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडतात. मायक्रो यूएसबीवाला छोटा रेकॉर्डर असेल तर मोबाईलची केबल लावू नका, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, दिवा लागतो पण डेटा जात नाही. साधा हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) पण काढा, यूएसबी 2 च्या एका पोर्टला 500 मिलिअँपिअरच मिळतात आणि हबवर माउस, पेनड्राइव्ह सगळे त्यातच वाटेकरी, म्हणून सीपीयूच्या मागच्या पोर्टला थेट लावा. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने दमट हवा, जुन्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, पॉवर बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या.

सीरियल पोर्टवाली जुनी मशीन यूएसबी कन्व्हर्टरवर असेल तर पोर्ट बदलला की कॉम नंबर (विंडोजनं त्या पोर्टला दिलेला नंबर) बदलू शकतो, तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखा पाहिजे, बॉड रेट (डेटाचा वेग) मशीनवर आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखा पाहिजे, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमनं तो कॉम पोर्ट धरून ठेवला असेल तर तुमच्या सॉफ्टवेअरला मिळणारच नाही, तो प्रोग्रॅम बंद करा. लॅनवाल्या (नेटवर्क केबलनं जोडलेल्या) रेकॉर्डरचं काम सोपं, कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) 169.254 नं सुरू होत असेल तर त्याला राउटरकडनं पत्ता मिळालेला नाही. फायरवॉलपण तपासा, तो कनेक्शन अडवत असेल.

सुरुवातीला नीट चालून रेकॉर्डिंगच्या मधेच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची टिक काढा.

एवढं करूनपण नाही झालं तर तीच केबल आणि तोच रेकॉर्डर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, तिथंही दिसला नाही तर केबल बदलून एकदा बघा, मग डिव्हाइस मॅनेजरचा फोटो आणि मशीनचा सीरियल नंबर घेऊन सर्व्हिसवाल्याला फोन लावा.